माझ्या पोटातली वाळू

गेल्या कार्तिकात, उल्हासनगर कॅम्प दोनमधील एका शिलाईच्या दुकानात, जीन्सच्या उरलेल्या कापडातून माझा जन्म झाला. मित्रांनो, मी मनगटाला बांधायचा वजनाचा पट्टा आहे. पोटातली चाळलेली वाळू हेच माझे काळीज आणि हाच माझा अभिमान!

फिजिओथेरपिस्ट हर्षदाताईंनी मला बदलापूरजवळच्या एका पाड्यावर चंद्री नावाच्या म्हातारीकडे नेले. पक्षाघाताने तिचा उजवा हात दुबळा झाला होता. तांदळाची भाकरी पुन्हा स्वतः थापावी, एवढीच तिची आस. पूर्वी प्रत्येक भाकरीत खोट काढणारा तिचा नवरा सुकऱ्या आता तिला घास भरवी, शब्दानेही दुखवत नसे. हा गोडवाच तिला अधिक बोचे.

मला बांधून ती हात उचलू लागली. हात थरथरे, घाम फुटे. आणि एके दिवशी मनगट खरोखर वर आले! काय तो जल्लोष! पुढे मात्र विचित्रच घडले. मला ती लीलया उचली, पण पिठाचा गोळा हातून निसटे. कारण मला ठाऊक होते. सुकऱ्या माझी शिवण उसवून वाळू काढत होता आणि भाताचे तूस भरत होता.

एका सकाळी हर्षदाताईंसमोर व्यायाम चालू असताना कोंबड्या तिच्या हाताखाली जमल्या. माझ्यातून तूस आणि कण्या गळत होत्या.

"वाळू टिपाया कोंबड्या कवापासून यायला लागल्या?" चंद्री गरजली.

"तुझा हात थरथरतो, मला बघवत नाय," सुकऱ्या पुटपुटला.

"लगीन झालं तवा पाणी वाहायला लावलंस, तवा बरं बघवलं!"

हर्षदाताई हसू आवरत म्हणाल्या, "आजोबा, आजींचा व्यायाम राहिला आणि तुमचाच झाला की!"

मित्रांनो, दुबळ्याला माया हवी, हे मला मान्य आहे. परंतु ज्या हाताला काहीच पेलावे लागत नाही, तो पेलणेच विसरतो, हे अमान्य कसे करावे? जाणत्याने ठरवलेले ओझे दयेपोटी हलके करू नका. त्यापेक्षा शेजारी बसा आणि धीर द्या.

सुकऱ्याने वाळू परत भरली. थरथर परतली, घाम परतला आणि हळूहळू बळही आले!

परवा चंद्रीने मला खुंटीला टांगले, परात ओढली आणि दोन्ही हातांनी भाकरी थापली. वाकडी, एका कडेला जाड, पण तिची! सुकऱ्याने तुकडा मोडला आणि सावकाश चावला. तिने श्वास रोखला.

"कडेला कच्ची हाय," तो म्हणाला.