मानाची सुपारी मी फोडली

अपशकुनी म्हणून फडताळात टाकलेला जुना अडकित्ता, तो मीच. मित्रांनो, दुरूनच बघा. पात्याखाली बोट घालून धार तपासायची नसते. कसब्यातल्या एका तांबटाने माझ्या पितळी मुठी ओतल्या, त्यांना पोपटाच्या चोची काढल्या आणि लोहाराने मधे पोलादी पातं बसवलं. अपशकुनी म्हणतात, म्हणोत. झाल्या गोष्टीची मला तिळमात्र लाज नाही.

तेव्हा पुण्यात पेशव्यांचा अंमल होता आणि कात्रजच्या तळ्याचं पाणी शहरात आणायला जमिनीखालून नळ बांधणं चाललं होतं. आमच्या घरातला श्रीधर नुकता अठराचा झाला होता. वडील नव्हते. घर चालवायचे ते त्याचे काका गोपाळपंत, दप्तरातले कारकून.

त्या वर्षी चैत्र लागला आणि घर पाहुण्यांनी भरलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं. दुपारी ओसरीवर श्रीधर आणि त्याच्या मित्रांचा गंजिफांचा डाव रंगे, उन्हं उतरली की सगळे मुठेवर पोहायला. येईल त्याच्यापुढे पानाचं तबक जाई आणि तबकात मी. त्यामुळे श्रीधरने पुढे काय करावं हे प्रत्येक पाहुण्याने ठरवलेलं मी ऐकलं. आत्या म्हणे, दप्तर. मावशी म्हणे, आधी लग्न, मग दप्तर. श्रीधरला मात्र कुणी काही विचारलं नाही.

त्याचा धायरीचा दोस्त सोनबा नळाच्या कामावर होता. एकदा तो म्हणाला, "लेका, पाण्याचा उतार बसंना झालाय तिथं. येऊन बघ की, मज्जा हाय." श्रीधर बघून आला तो वेडा होऊनच. मग अंगणात फळी तिरकी लावायची आणि सुपाऱ्या सोडून उतार बघायचा, हाच उद्योग.

"सुपाऱ्या खायला आणल्यात हो," त्याची आई सगुणाबाई म्हणायची, "गोट्या खेळायला नव्हे." हसायची, पण डोळे त्याच्यावरून हलायचे नाहीत. तिला कात्रज म्हटलं की खड्डे, साप आणि ऊन एवढंच दिसे.

वैशाखात साताऱ्याचे अनंतपंत मुलीचं स्थळ घेऊन आले. जावयाला आपल्या हाताखाली दप्तरात चिकटवायचं आणि साताऱ्यातच ठेवून घ्यायचं, असा त्यांचा बेत. तबकात मानाची सुपारी ठेवली होती, हळदकुंकू लावलेली. बोलणी पक्की झाली की ती दोन्हीकडच्यांसमोर फोडायची. ती फुटली की लग्न ठरलं. मग माघार नाही.

अनंतपंत बोलत राहिले. गोपाळपंतांना विचारात पडलं की सुपारी कातरायची सवय. त्यांनी न बघता हात घातला, हाताला लागली ती सुपारी माझ्या पात्याखाली धरली आणि दाबलं.

कट्ट.

गोपाळपंतांनी खाली पाहिलं. बोटांना कुंकू.

"वा!" अनंतपंत मांडीवर थाप मारून म्हणाले. "आम्ही म्हटलं, अजून बराच वेळ घ्याल. तिथी काढा आता."

चुकून फुटली, एवढे दोन शब्द गोपाळपंतांना बोलता आले असते. पण घरच्या कर्त्याने पाहुण्यांसमोर चूक कबूल करायची? त्यांनी घसा खाकरला. "हं. ज्येष्ठातली बघू."

श्रीधर उठून उभा राहिला. "काका, सुपारी तुम्ही फोडलीत, तुम्हीच खा. माझा होकार अजून माझ्या तोंडात आहे."

"श्रीधर! खाली बैस."

"नाही बसत. मी लग्नाला तयार नाही, साताऱ्याला येत नाही. मी उद्या कात्रजला चाललो."

"गवंड्यांत? चिखल तुडवायला?" अनंतपंत हसले. "पंत, पोराची जीभ तुमच्या अडकित्त्याहून जोरात चालते हो."

तेवढ्यात सगुणाबाई माजघराच्या दारात आली. तिने पदर सारखा केला. "भावोजी, खांडं हातात धरून किती वेळ बसणार? पानात घाला आणि खाऊन टाका. चुकून कातरलेली सुपारी ही नुसती सुपारीच असते. पाहुण्यांनाही द्या त्यातलं, उन्हातून आलेत."

गोपाळपंतांनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग खांड तोंडात टाकलं. अनंतपंत पन्हं तसंच ठेवून निघाले.

पहाटे श्रीधर गेला. "पागोटं काढू नकोस उन्हात," एवढंच सगुणाबाई म्हणाली.

स्थळ मोडल्याचं खापर फुटलं माझ्यावर. नवा अडकित्ता आला आणि मी फडताळात. पात्यावर गंज चढला. सगुणाबाई तेवढी कधीमधी मला बाहेर काढी, तेलाचं बोट फिरवी आणि पुटपुटे, "खोल खड्ड्यात उतरत नसेल ना रे?" मी काय सांगणार!

पुढच्या उन्हाळ्यात तो घरी आला, रापलेला, हाताला घट्टे पडलेला. जेवणं झाल्यावर गोपाळपंत म्हणाले, "जुन्नरचं एक स्थळ सांगून आलंय. तुझं काय म्हणणं आहे?"

त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो मी फडताळातून ऐकला.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. चुना लागला तर पुसा, पावसाळ्याआधी तेल द्या, आपल्या चुकीसाठी आम्हाला अडगळीत टाकू नका. एवढं केलंत तर म्हणाल तितक्या सुपाऱ्या कातरून देईन. पण पोराला न विचारता त्याच्या नावाची सुपारी फोडायला मला उचललंत, तर सांगून ठेवतो, मी जाम होऊन बसेन. मग बसा दोन्ही हातांनी दाबत.