चुन्याची बोटं

नांदुऱ्याच्या जिनात कापसाच्या गाठी उचलणाऱ्या दयारामनं पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीमागच्या भिंतीवरचं शेवटचं चुन्याचं बोट खुरप्यानं खरडून काढलं.

ती बोटं त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, उमटवली होती. तिच्याच दुखण्यासाठी माणिकराव दुकानदाराकडून ऐंशी रुपये उचलले, तेव्हा तिची लग्नातली पितळी भांडी गहाण पडली. परात, घंगाळ आणि तिचं नाव कोरलेला पाण्याचा गुंड. "महिन्याले पाच देत जाय," एवढंच माणिकराव म्हणाले होते. मनकर्णा खाटेवरून उठली, भिंतीला धरत गेली आणि सोळा बोटं उमटवली.

"हप्ता देला का एक बोट खरडजा. सोळा झाले का माहा गुंड घरी आनजा."

तीन बोटं खरडून झाली आणि ती गेली. बाकीची दयारामनं एकट्यानं खरडली. कधी एकाच वेळच्या जेवणावर राहिला, पण महिना चुकवला नाही.

दुकानात त्यानं नोट पुढे केली. "घ्या मालक, सोळावा हप्ता. भांडे द्या आता."

माणिकरावांनी नोट गल्ल्यात टाकली. "सोळावा कायचा बे? रुपयाले महिन्याचा आणा. ऐंशीचं व्याज पाच रुपये. तेवढंच तू देऊन राह्यला. मुद्दल जागच्या जागी हाय."

"म्हंजे किती राह्यले?"

"ऐंशी."

"तिनं मोजून ठेवलं होतं, मालक."

"मंग तिलेच इचार."

दयारामला राग आला नाही. फळीवर गुंड दिसत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं कोरलंय ते ठाऊक होतं. त्यानं हात लांबवला.

"हात नोको लावू. एक महिना चुकव, मंग पाय, मोडीत घालतो का नाही."

"चुकवत नाही," दयाराम म्हणाला. "मालक, मोडीत नोका घालू."

घरी आला. सकाळी खरडलेला चुना अजून चुलीपाशी सांडलेला होता. त्यानं तो तळहातावर गोळा केला, पाण्याचे दोन थेंब टाकले, बोट बुडवलं आणि भिंतीपुढे उभा राहिला.

किती उमटवायची, ते त्याला कळेना. बोटावरचा चुना वाळून गेला तरी तो तसाच उभा होता.