राखेनं घासलेली हत्यारं

आमच्या गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षं दगड गोळा केले. गुरुजी म्हंजे माझे मालक. पगार घरात, जीव दगडात. मी म्हणायची, "ह्यापरीस सवत आणली आसती तर निदान भांडी तरी घासली आसती." तर म्हणायचे, "मथुरा, ही आदिमानवाची हत्यारं हायत. टवके काढून कशी धार आणलीय बघ."

दर दगडावर त्यांनी शाईनं बारीक आकडा घातलेला, आन् वहीत त्या आकड्यापुढं गाव, शिवार, तारीख. मागल्या म्हैन्यात विद्यापीठातल्या श्रावस्ती मॅडमचा निरोप आला. बघायला येणार, पसंत पडलं तर सगळं संग्रहालयात नेणार. गुरुजींना चार दिस धड जेवण गेलं न्हाय. म्या म्हटलं, एवढी शिकलेली बाई येणार आन् दगडांवर बोटबोट धूळ! ते भूमच्या बाजाराला गेले तसे सगळे दगड हौदावर घेतले, राख आन् काथ्यानं घासून लख्ख केले.

गुरुजींनी आल्या आल्या एक दगड उचलला. उलटा केला, सुलटा केला, मग दुसरा उचलला, मग तिसरा. "मथुरा, आकडे कुठं गेले?"

"ती शाई व्हय? लई घासावी लागली, बघा."

रागावले आसते तर बरं झालं आसतं. हळूच म्हणाले, "कुठं घावला तेच ठाऊक न्हाय, असला दगड कोण ठेवून घेतंय?" आग लागो माझ्या हातांना! मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिशी मॅडम आल्या. गुरुजी म्हणाले, "आकडे पुसले गेले." कुणी पुसले ते बोलले न्हायत.

"तुम्हाला आठवत नाही का, सर?"

त्यांना कुठलं आठवायला! वहीत लिहिलं की इसरले. पण ऐतवारी सरपणाला त्यांच्यासंगं मीच हिंडायची, आन् मला कुठं वही हाय? म्या एक दगड उचलला. "हा तेरखेड्याच्या माळावरचा. माझी चप्पल तुटली, तवा तुमी तुमची दिली आन् सवता अनवाणी आला." मॅडमनी वही चाळली. तेरखेड्याचा माळ निघाला. मग मी सांगत गेले, त्या वहीतला आकडा लावत गेल्या. जे आठवंना ते सरळ बाजूला ठेवलं, खोटं बोलले न्हाय.

शेवटी सगळ्यात देखणी दगडी हातकुऱ्हाड राहिली. मॅडमची नजर तिच्यावरच खिळलेली. म्या म्हटलं, "ही माझ्यासमोरची न्हाय."

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "ही मला आठवती. ही पहिली. आपल्या बुद्धघोषच्या बाळंतपणाला तू उमरग्याला माहेरी गेली होतीस. घर खायला उठायचं. शाळा सुटली की गावामागच्या ओढ्यात जाऊन बसायचो. तिथं पायाखाली आली."

आन् मी येडी, जन्मभर त्या दगडांवर जळत बसले!

मॅडमनी लिहून घेतलं. पेटी बंद करायला लागल्या तर माझाच हात पुढं झाला. "बाकीचे समदे न्या, मॅडम. ही तेवढी ऱ्हाऊ द्या."

गुरुजी हसले. "जाऊ दे, मथुरा. ही तिथंच शोभंल."

"मग मला दर म्हैन्याला बघायला न्यायचं," म्या दटावलं. "बायांना यष्टीत निम्मं तिकीट हाय. तुमचं तुमी काढा."