कुंकवाचे बोट

मित्रांनो, मी एक जुनी ग्रेटिंग आहे. तळहाताएवढी काच, तिच्यावर धातूचा चकचकीत थर आणि त्यात मिलिमीटरला अठराशे रेघा. प्रकाशातले रंग वेगळे करणे हे माझे काम. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने मोडीत काढल्यावर, २०१६ साली, मी माझ्या यंत्रासह डहाणूच्या एका कॉलेजात आले.

तिथे उधवा गावची रविना शिकवत असे. तिच्याकडे अतिवाहकाचा, म्हणजे गार केल्यावर विजेला जराही न अडवणाऱ्या पदार्थाचा, एक काळा स्फटिक होता, तिळाहून जरासा मोठा. तो खूप गार केला की त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात आणि साऱ्या जोड्या एका तालात हेलकावतात, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणाऱ्या नाचाच्या फेरासारख्या. तो हेलकावा डोळ्यांना दिसत नाही. स्फटिकावर लेझर सोडला की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग त्या हेलकाव्याला ऊर्जा देऊन परततो. त्याचा रंग किंचित बदलतो. ते किंचित मी वेगळे काढायचे. मग आलेखावर एक लहानसा उंचवटा येतो. त्या उंचवट्यावर रविनाची पीएचडी अडली होती.

गारव्यासाठी द्रव नायट्रोजन ती कासा गावाकडच्या गुरांच्या दवाखान्यातून जीपने आणी; तिथे तो कृत्रिम रेतनाच्या नळ्या गार ठेवायला लागे.

"कॉलेजात म्हशी पाळल्यात का, मॅडम?" तिथला कंपाउंडर विचारी.

"एकच आहे. काळी, तिळाएवढी."

२०१८ च्या पावसाळ्यानंतर उंचवटा अंधुक दिसू लागला. तो पुन्हा पुन्हा दिसायला हवा होता. तेवढ्यात खंडेनवमी आली. शिपाई चैत्यामामांनी कोयता पुजला, झेरॉक्स मशीन पुजले, मग आमचे यंत्र. कुंकू पेटीला नव्हे, देवाला लावायचे, म्हणून त्यांनी झाकण उघडले आणि माझ्यावर बोट टेकवले. लगेच त्यांना रविनाची ताकीद आठवली: "मामा, हिला श्वाससुद्धा लागता कामा नये." ते घाबरले. ओल्या फडक्याने त्यांनी मला लख्ख पुसले.

सुट्टीनंतर आलेखावर उंचवटा नव्हता, नुसता ठिपक्यांचा धुरळा होता.

"मामा, यंत्र कुणी उघडलं का?"

"नाय मॅडम. कोनी नाय."

तीन आठवडे तिने लेझर तपासला, आरसे तपासले. शेवटी तिला वाटले, स्फटिकच खराब झाला. तो घासून नवा करताना त्याचे दोन तुकडे झाले. त्यानंतर तिने माझ्यावर टॉर्च धरला.

चैत्यामामा दारातच उभे होते. "मीच गं बाय. कुकू लागला, म्हनून पुसला."

"कुंकू कोरड्या हवेने उडालं असतं, मामा. पुसल्याने रेघा गेल्या."

स्फटिकाचे तुकडे तिने त्यांच्या नजरेआड कागदात गुंडाळले.

आता २०१९ संपत आले आहे. पीएचडी तशीच अडलेली ठेवून रविना कॉलेज सोडून गेली. मी कपाटात आहे. यंदाच्या खंडेनवमीला मामांनी कपाटाबाहेर एक झेंडू ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले.

मित्रांनो, हातून डाग पडतोच. तो पुसायला धावू नका. आधी सांगा.