गुरुनाथरावांची चौकशी

परदेशात, माउंट रॉस्किलला स्थायिक झालेल्या गुरुनाथराव आगाशेंनी जन्मात काही चौकशीवाचून केलं नव्हतं. पुतणीचं स्थळ असो की जुनी टोयोटा, आधी पूर्वपीठिका, मग पुढचं बोलणं. त्यामुळे २००७ साली ते ज्यूरीवर बसले आणि न्यायाधीशबाई म्हणाल्या, "कोर्टात ऐकाल तेवढ्यावरच ठरवा, बाहेर काही विचारू नका," तेव्हा त्यांना बाईंची कीवच आली. शेजाऱ्यांना न विचारता मुलगी द्यायची, त्यातलाच हा प्रकार!

आरोपी डॅरन. पापाटोएटोतली डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, फोडल्याचा आरोप. सहा महिने कोठडीत होता. साक्षीदाराला दिसली होती फक्त पळणाऱ्याची पाठ.

गुरुनाथरावांनी त्याच संध्याकाळी पापाटोएटोच्या फार्मसीतल्या ओळखीच्या प्रमोदला फोन लावला.

"अरे, त्याला दोनदा शिक्षा झालीय," प्रमोद म्हणाला. "सतरा-अठराचा असताना गाड्या पळवायचा."

"वाटलंच मला! जित्याची खोड!"

दुसऱ्या दिवशी ज्यूरीच्या खोलीत दहा मिनिटांत बारांपैकी अकरा हात वर झाले. पुरावा नाही, सोडून द्या. गुरुनाथरावांनी घसा खाकरला आणि आपली माहिती सगळ्यांपुढे ठेवली. हे अकरा भोळे जीव आपण वेळेवर वाचवले, या समाधानाने त्यांचा ऊर भरून आला होता.

फोरमन, म्हणजे ज्यूरीची प्रमुख, झालेल्या सामोअन नर्स सीनाने विचारलं, "हे कोर्टात कुणी सांगितलं?"

"कोर्ट कशाला सांगेल? मी स्वतः चौकशी केली."

सीनाने कागद ओढून काहीतरी लिहिलं. बाई मुद्दा टिपून घेतायत, असं गुरुनाथरावांना वाटलं. ती चिठ्ठी न्यायाधीशांना होती.

अर्ध्या तासात ज्यूरी बरखास्त झाली. खटला पुन्हा पहिल्यापासून, तोही चार-पाच महिन्यांनी, आणि तोवर डॅरन कोठडीतच. बाहेर बाकावर त्याची आई घरी जाताना त्याने घालावं म्हणून जॅकेट घेऊन बसली होती. वकिलाने तिला समजावलं, तरी ती जागची हलेना. गुरुनाथरावांना तिच्या समोरूनच जावं लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

घरी बायकोने, नीलांबरीने, दार उघडताच विचारलं, "काय हो, सुटला का तो मुलगा?"

गुरुनाथराव बूट काढायला खाली वाकले ते वाकलेलेच राहिले.

"मी गप्प बसलो असतो," ते म्हणाले, "तर तो आत्ता घरी जेवत असता."