ओठांत धरलेली स्प्रिंग

मित्रांनो, त्या दुपारी मी सुटा होऊन मेस्त्रींच्या टेबलावर पसरलो होतो आणि मनातून भलताच खूश होतो. त्यांची लेक माहेरी आली होती, निघायला म्हणून तिची बॅगही दाराशी तयार होती, तरी मेस्त्री माझ्यातच गुंतले होते.

मी एका जुन्या रायफलीचा बोल्ट आहे. नेमबाजी शिकवणाऱ्या एका क्लबात माझी नोकरी. काडतूस आत ढकलायचं, घट्ट बंद करून धरायचं आणि बार झाला की रिकामी पुंगळी बाहेर ओढायची, एवढंच माझं काम. दिसायला मी नुसता पोलादी दांडा. पण माझ्या अंगात नाजूक भाग आहेत आणि त्यांतला एक जरी रुसला तरी मी ठप्प. मग माझी रवानगी मेस्त्रींकडे. खरं सांगू? आजारी पडणं मला आवडायचं.

मेस्त्री उगाच भाग बदलत नसत. आधी पुंगळी उजेडात धरून तिच्या कडेवरचे ओरखडे बघत. या खेपेला पुंगळ्या आतच अडकत होत्या. क्लबात सगळ्यांनी पुंगळी ओढणाऱ्या माझ्या आकड्याला बोल लावला होता. मेस्त्रींनी त्याच्या धारेवरून नख फिरवलं, मग तो अंगठ्याने दाबून पाहिला.

"आकडा बिचारा ठणठणीत आहे. त्याच्या मागची स्प्रिंग दमलीय," ते मला म्हणाले. मला! घरात लेक असताना!

नवी स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी. असली वस्तू ते टेबलावर ठेवतच नसत. उडाली की गेलीच. हात रिकामे होईपर्यंत ती ओठांत धरत. त्यामुळे काम करताना कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." लेक लहानपणापासून हेच ऐकत आली होती. परीक्षेत पहिली आले, "हं." दात पडला, "हं." मग ती दारात थोडा वेळ घुटमळायची आणि निघून जायची.

तरीही माझा जळफळाट थांबत नसे. तो पडलेला दात मेस्त्रींनी सुट्या पिनांच्या डबीत कापसात जपून ठेवला होता. ना काम, ना धंदा, आणि थाट बघा! मला त्या दाताचाही हेवा वाटायचा.

"बाबा, मी निघते हं. बसची वेळ झाली," लेक दारातून म्हणाली.

"हं."

"त्या लाडक्यातून मान तरी वर काढा! का त्यालाच नेऊ बरोबर?"

"हं."

ती हसली खरी, पण फाटक जरा जोरातच आपटलं. जिंकलो, असं मला वाटलं. तेवढ्यात मेस्त्रींनी ओठांतली स्प्रिंग काढून टेबलाच्या कडेला ठेवली आणि ते अनवाणीच धावले. "अगं थांब, येतो ना मी सोडायला!"

मी अर्धामुर्धा तसाच पडून राहिलो. माझ्यापायी ते जेवण विसरले होते, झोप विसरले होते. पण आजवर कोणापायी मला विसरले नव्हते. परतले ते एकटेच. "बस गेली," एवढंच म्हणाले आणि त्यांनी दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

माझ्यावर धुळीचा थर बसला. मग एके दिवशी क्लबच्या प्रशिक्षक बाई मला न्यायला आल्या. लेकीने खोली उघडून दिली.

"घेऊन जा बाई. शेवटपर्यंत त्यांचा जीव यातच होता. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही."

बाई माझे भाग गोळा करता करता थबकल्या. "ही स्प्रिंग इथे कशी?"

"असेल पडलेली. का?"

"अगं, मेस्त्री आणि स्प्रिंग टेबलावर? चहासुद्धा ओठांच्या एका कोपऱ्यातून प्यायचे. क्लबात मंत्री आले, त्यांनाही 'हं'वरच वाटेला लावलं. मग शेवटच्या दिवशी आलं तरी होतं कोण?"

लेकीने स्प्रिंगकडे पाहिलं, मग दाराकडे. "आलं कोणीच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी निघाले होते." आणि तिने स्टूल टेबलाशी ओढलं.

मित्रांनो, मला वाचा असती तरी मी तिला ही गोष्ट सांगितली नसती. माझ्या मेल्याचा जीव तेवढा मोठा नाही. त्या चिमुकल्या स्प्रिंगने सांगून टाकली.

"बाई, मी बसवून बघू?" तिने विचारलं. फडकं घेऊन ती माझा आकडा पुसू लागली. दोन्ही हात गुंतले, तशी तिने स्प्रिंग ओठांत धरली. अंगठ्याचा दाब अगदी मेस्त्रींचा.

आम्हा यंत्रांना तेलपाणी जरूर करा, मित्रांनो. पण दारात कोणी घुटमळत असेल, तर आम्हाला तेवढा वेळ खाली ठेवा. आम्ही जळू, पण कुठे जाणार नाही.

"जमतंय का गं?" बाईंनी विचारलं.

"हं," लेक म्हणाली, आणि स्वतःच दचकली. मग तिने स्प्रिंग ओठांतून काढून तळहातावर घेतली आणि मेस्त्रींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मला तुमच्या शेजारी बसायचं होतं."