आठ डेसिबल

अक्कलकोटच्या सावित्रम्मा सत्तरीतल्या भजनगायिका. त्यांच्या अल्बमचं पहिलं गाणं बुद्धप्रियानं आणि मी वेगवेगळं मिक्स करायचं, असं स्टुडिओचे मालक संगमेशअण्णांनी ठरवलं. सावित्रम्मांना जिचं आवडेल, तिला उरलेली अकरा गाणी.

सोलापुरातल्या या स्टुडिओत मी सहा वर्षं आहे. एमएस्सी, फिजिक्स. भजनं माझ्याकडे, हे गृहीतच होतं. बुद्धप्रिया आठ महिन्यांपूर्वी आली, वडिलांच्या डीजे ट्रकवर शिकलेली. तिनं केलेलं जयंतीचं गाणं एप्रिलभर चौकाचौकात वाजलं. आता अण्णा आल्यागेल्याला तेच ऐकवतात. आधी माझं ऐकवायचे.

ती जेवायला गेली असताना मी तिच्या त्या जयंतीच्या गाण्याची फाइल उघडली.

ढोलकी, हलगी, कोरस, मुख्य आवाज, सगळं तिनं एकाच ग्रुपमध्ये बांधलं होतं आणि त्या ग्रुपवर एकच कॉम्प्रेसर होता. मोठा आवाज तो आठ डेसिबल दाबायचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागात सोडायचा. इतकं जबर मी कधी लावलं नव्हतं. आकडे वहीत उतरवले आणि सावित्रम्मांच्या भजनावर तसेच्या तसे लावले. टाळ, पेटी, तबला, आवाज, एकच ग्रुप. भजन भरून वाजू लागलं. मी ते एकदाच ऐकलं.

रविवारी सावित्रम्मा आल्या. आधी माझं लावलं. पहिल्या ओळीनंतर त्यांनी हात वर केला.

"ह्ये धापा कोण टाकतंय गं?"

"तुम्हीच की, अव्वा," अण्णा म्हणाले.

"म्हातारीला डोंगर चढवलास की, महेश्वरी!"

अण्णा हसले. कारण मला लगेच कळलं. ओळ संपली की दाब सुटतो आणि मधला श्वास गाण्याइतकाच वर येतो. बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या कुणीही हे सांगितलं असतं.

मग बुद्धप्रियाचं लावलं. टाळांचा वेगळा ग्रुप, त्यावर थोडासा दाब. पेटी-तबला मोकळे. आवाज कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. सावित्रम्मा शेवटपर्यंत डोळे मिटून बसल्या.

"हां. ही मी हाय."

अण्णा त्यांच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले, त्याही मागोमाग गेल्या. बुद्धप्रिया माझ्या स्क्रीनसमोर थांबली. आठ डेसिबल. शंभर मिलिसेकंद.

"ताई, हे ट्रकसाठी होतं," ती हळूच म्हणाली. "ट्रकमागं नाचताना कुणाचा श्वास ऐकू येतोय?"

अण्णा परत आले आणि त्यांनी तिला विचारलं,

"हिच्यात काय बिघडलं होतं गं?"

"काही नाही, अण्णा. टाळ जरा वर गेला होता."

तिनं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

सोमवारी तिनं दुसरं भजन उघडलं आणि माझ्यासाठी शेजारी खुर्ची ओढली. मी बसले, सवयीनं वही उघडली. सावित्रम्मांचा आवाज ती बोटानं वरखाली करत होती, डोळे मिटून. आकडा ओळीओळीला बदलत होता. तरी मी पेन खाली ठेवलं नाही.